शाळेमागचा मळा

कारंजा स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. शाळातपासणीच्या नोकरीतून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. या खेपेला दप्तर नव्हते, शिपाई नव्हता. कामरगावाजवळच्या एका वाडीत, शाळेमागे, गावाने मिळून केलेला भाजीचा मळा मी तीन वर्षांपूर्वी पाहिला होता. तो पुन्हा पाहावा, एवढ्यासाठीच निघालो होतो.

दमणी (हलकी बैलगाडी) केली. दुतर्फा पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झाली होती. नाल्यात चाक निखळले आणि शेवटचा कोसभर मी पायीच गेलो.

शाळेमागे लख्ख झाडलेले पटांगण होते. मळा नव्हता.

विहिरीवर गंगूबाई भेटली. मळ्याची सारी देखरेख पूर्वी तीच करी. मी विचारले, "बाई, मळा कुठे गेला?"

तिने मला निरखून पाहिले. "तुमी ते डिप्टीसायब ना? तुमीच त लिवलं होतं."

मला आठवले. त्या वेळी बाया पाळीपाळीने पाणी ओढत, पोरे आळी करत. वांगी, मेथी, अंबाडी घरोघर वाटली जाई. गंगूबाईने मला अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या वाढल्या होत्या. मी मागून घेऊन खाल्ल्या. मग वाफ्यातला चिखल बुटाला लागला, म्हणून शेरेबुकात लिहिले : 'आवारात चिखल आहे. आवार स्वच्छ ठेवावे.'

"मास्तर नोकरीले भेले," ती म्हणाली. "आठ दिवसांत समदं उपटलं. उपटताना रडून राह्यले होते."

"दुसरीकडे का नाही लावला?"

"कोणाच्या वावरात? ज्याच्या त्याच्या वावरात पऱ्हाटी. ते जागा सगळ्याइची होती, म्हून सगळे येत. आता जो तो आपल्या घरी तिखट-भाकर खाते."

मुक्कामाला तिने आपल्याच घरी नेले. ताटात भाकर, लाल तिखट, वर जवसाचे तेल. "भाजी नाही, सायब. राग नोका मानू."

तिन्हीसांजेला तिची आठनऊ वर्षांची नात अंगणातून आली. भिंत चाचपत तिने दार शोधले.

"दिवस बुडला का दिसत नाही तिले," गंगूबाई म्हणाली. "मळ्यातला पाला खाये तवा असं नोतं."



सकाळी मी शाळेत गेलो. जुने मास्तर बदलून गेले होते. नव्या मास्तरांनी आदराने शेरेबुक पुढे ठेवले. माझ्यानंतर आलेल्या अंमलदाराने लिहिले होते : 'आवार स्वच्छ. समाधान वाटले.' मी जागा परत मागितली, तेव्हा मास्तर खाली मान घालून म्हणाले, "वरून हुकूम आला तर देईन, साहेब."

निघताना गंगूबाईला म्हणालो, "मी कचेरीला पत्र लिहितो."

"नोका लिवू, सायब," ती म्हणाली. "तुमी लिवलं का आमचं काही तरी जाते."

तरीही घरी पोचताच लिहिले. दोन महिने झाले, उत्तर नाही. नोकरीभर मी गावोगाव शेरे लिहीत हिंडलो आणि त्याच दिवशी पुढच्या गावाला निघून गेलो. आपल्या ओळीनंतर तिथल्या ताटात काय उरले, हे पाहायला परत गेलो तो फक्त या एका वाडीत.