सरपंचांची ओटी

बाई ओरडत असल्या की गाव निवांत असे. शाळेत आणि निवृत्तीनंतरही त्या दिवसभर कुणावर तरी ओरडतच असत. धडकी भरायची ती त्यांचा आवाज खाली आला की. खरा राग त्या कुजबुजत काढत.

माझ्या वाट्याला ती कुजबुज आली, तेव्हा मी देवळाली कॅम्पपलीकडच्या आमच्या गावची सरपंच होते. म्हणजे कागदावर! जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून आमच्या ह्यांनी मला उभं केलं आणि मी निवडून आल्यावर खुर्चीत हे स्वतः बसले. मी भाकरी थापता थापता हात पुसायचे आणि हे बोट ठेवतील तिथे सही करायचे.

एका सकाळी बाई तडक स्वयंपाकघरात आल्या. हातात ठरावाची नक्कल.

“वाच. मोठ्यानं.”

मी वाचलं. शाळेमागची मुलींच्या शौचालयाची जागा दुकानांच्या गाळ्यांना द्यायची होती. खाली माझी सही. तव्यावरची भाकरी करपली, पण बाईंनी उलटू दिली नाही.

“ही सही तुला कुणी शिकवली?” त्या कुजबुजल्या.

“तुम्हीच, बाई.”

“सातवीनंतर तू शाळा का सोडलीस?”

शाळेत आडोसा नव्हता, म्हणून सोडली होती. आजही ती सही आठवली की कानशिलं तापतात. ह्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

पुढच्या ग्रामसभेत बाई ताट घेऊन उभ्या. कुंकू, खण, नारळ, तांदूळ. थेट खुर्चीसमोर.

“सरपंचबाईंची ओटी भरायची राहूनच गेली. करा पदर पुढे!”

“बाई, चारचौघांत थट्टा करता?” हे लालबुंद.

“थट्टा मी करतेय? कायदा म्हणतो, या खुर्चीत बाई बसणार. बसलात तुम्ही. मग ओटी कुणाची भरू?”

शेवंतीची तोडणी टाकून आलेल्या बायका मागून ओरडल्या, “भरा बाई, लय गुणाची हाय!”

हे उठले ते चप्पल न घालताच बाहेर! मी जाऊन खुर्चीत बसले. पदरात ओटी घेतली आणि तो ठराव मागे घ्यायचा विषय मांडला. सगळ्या बायकांचे हात वर गेले. शौचालय त्याच जागेवर झालं.

हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “सुटी समज.”

गेल्या वर्षी नाशिकच्या दवाखान्यात, बाईंच्या ऑपरेशनच्या आधी, नर्सनं संमतीचा कागद पुढे केला. “इथं फक्त सही करा, आजी.”

बाईंना आता अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“वाच. मोठ्यानं.”

मी दोन्ही पानं वाचली. नर्स घड्याळ बघत राहिली. ‘जिवाला धोका’ या शब्दांशी मी अडखळले.

“गाळू नकोस,” बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की सवयीनं मी दचकले. पण त्या रागावल्या नव्हत्या.

मग चाचपडत त्यांनी सही केली. पूर्ण नावानिशी. त्यानंतर दवाखान्यातून बाई घरी परतल्या नाहीत.