एका विटेपुरतं भोक

साऱ्या नागपुरात उन्हाळ्याशी एवढं वैर धरलेला आणि तरीही एवढा घामेजलेला दुसरा माणूस नसेल. माझे थोरले दीर, आमच्याकडे ज्यांना भासरे म्हणतात आणि मी दादा म्हणते, उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत जन्मभर हवा खेळती ठेवायच्या कामावर होते. जमिनीखाली कुठे हवा अडली आहे, हे ते म्हणे गालाला लागणाऱ्या झुळुकीवरून ओळखत. निवृत्तीनंतर ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले आणि आता कॉम्प्युटरवरच्या एका खेळात दिवसभर तेच काम बिनपगारी करतात. त्या खेळात एका प्रचंड दगडाच्या पोटात बारा चिमुकली माणसं वस्ती करून आहेत. त्यांना वीज लागते, विजेची यंत्रं तापतात, यंत्रांनी पाणी तापतं, तापलेल्या पाण्यानं शेत करपतं आणि माणसं उपाशी राहतात. "गरमी संपत नसते वं," दादा मला समजावतात, "फक्त जागा बदलते. इथून काढली तं टाकाची कुठं, ते आधी ठरवा लागते."

हे शास्त्र खेळापुरतं राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण घरी पाहुणे आले की दादा त्यांना हवेच्या हिशेबानं बसवतात. माझा भाऊ अंगानं भरलेला. त्याला त्यांनी दारातल्या खुर्चीवरून उठवून कोपऱ्यात नेलं. "तुम्ही दारात बसले तं हवा कुठून येईन गा?" भर दुपारी कुणी चहा मागितला तर ते त्याच्याकडे असे पाहतात, जणू त्यानं घराला आग लावायची परवानगी मागितली.

हा खेळ त्यांना त्यांच्या मुलीनं शिकवला. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. ती कॅनडाला जाण्याआधी उन्हाळाभर बापलेक दोन खुर्च्या लावून दगड पोखरत बसायचे. माणसांना नावं तिनंच दिली. सतत झाडू मारत फिरणारी जी बाई आहे, ती मी. "काकू, तुला रिकामं बसवत नाही नं," असं वर मलाच ऐकवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं वस्तीच्या मधोमध एक खोली बांधली. पलंग, दिवा, फुलांची कुंडी.

सगळी अडचण त्या खोलीची. दगडातला बर्फाचा साठा तिच्या वर, शेत तिच्या खाली. गार पाण्याचा पाइप सरळ आणायचा तर खोली फोडावी लागते. दादा तिला हात लावायला तयार नाहीत. ते पाइप सगळ्या दगडाला वळसा घालून आणतात आणि शेतापर्यंत पोचतं ते पाणी चहा टाकण्याजोगं असतं. यंदाच्या मे महिन्यात शेत करपलं, बाराही जण अर्धपोटी राहू लागले. तरी रविवारी मुलीचा फोन आला की दादा सांगत, "सगळे मस्त गार आहेत."

घरातही वेगळं नव्हतं. कूलर पुढच्या खोलीत, मागची खोली मुलीची आणि तिला तीन वर्षं कुलूप. हवा बाहेर पडायला मागची खिडकी उघडी नसेल तर कूलर नुसती चिकचिक करतो, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. खाणीला श्वास देणारा माणूस डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायचा. मी म्हटलं, "दादा, ती खोली उघडा." ते म्हणाले, "धूळ जाईन तिच्या सामानावर."

मग एका रविवारी मी त्यांच्या हातातून फोन घेतला, स्पीकर लावला आणि मुलीला सगळं सांगितलं: खेळातल्या खोलीपायी करपलेलं शेत, पंचा, कुलूप. ती म्हणाली, "बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? ती खोली मी पाच मिनिटांत बांधली होती. पाडा नं. मी आली की दुसरी बांधू."

"केव्हा येतेस?" दादांनी विचारलं.

"पाहते, बाबा."

दादांनी फोन ठेवला. चष्मा पुसला. मग कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून खेळातल्या त्या खोलीच्या छताची एक वीट काढली, जमिनीची एक काढली आणि मधून पाइप उतरवला. पलंग, दिवा, कुंडी जिथल्या तिथे. "एका विटेपुरतंच भोक पाडलं," ते मला म्हणाले, जणू मीच ती खोली बांधली होती. शेत हिरवं व्हायला लागलं, तेव्हा उठून त्यांनी मागच्या खोलीची किल्ली शोधली.

धूळ भरपूर होती. मी खेळातल्यासारखीच झाडू घेऊन आले. खिडकी उघडली, तशी कूलरची हवा सरळ घरातून निघाली आणि दारामागच्या खिळ्यावरचा तिचा उन्हात तोंडाला बांधायचा दुपट्टा हलायला लागला.

आता दादा दुपारी त्याच खोलीत खुर्ची टाकून बसतात. काल खिडकीबाहेर हात धरून विचारत होते, "तिच्याकडं अजून स्वेटर घालतात म्हणते. ही गरमी कोण्या दिशेनं चालली वं?"

खिडकी नुसती मागच्या बोळात उघडते. तरी मी म्हटलं, "तिच्याकडेच."