विमानाचं नाक

किन्हीराजा गावापलीकडच्या बंजारा तांड्यात लखीरामचं नाव निघालं की म्हातारी माणसं आधी हसायची. खेमाचं हे पोरगं बैलांमागं कधी धड चाललंच नाही. औतावर धाडलं तर तास वाकडं, आणि गुरं राखायला धाडलं तर गुरं दुसऱ्याच्या वावरात अन् हा बांधावर उताणा, घारी बघत. लढाईच्या दिवसांत तो घरातून पळाला. नागपूरला विमानतळावर हरकाम्या म्हणून लागला, पंखे पुसता पुसता इंजिन शिकला, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या इतका मागं लागला की त्या बिचाऱ्यानं कंटाळून त्याला उडायलाही शिकवलं. ही बातमी तांड्यात आली तेव्हा नाईकानं त्याच्या आईला, हिरीबाईला, चारचौघांत विचारलं, "पोरगं पाखरू झालं म्हणे तुहं?"

"पाखरू सांजच्याले घरट्यात तरी येते," हिरीबाई म्हणाली. "याचं काय?"

पण लखीरामचं नशीब असं की विमानच त्याच्या मुलखात आलं. त्रेपन्न सालच्या सुमारास वाशीमच्या दौलतरावांनी चार माणसांचं एक जुनं विमान विकत घेतलं. दौलतरावांचं कापसाचं जिनिंग जोरात चालत होतं, आणि मुंबई-नागपूरच्या चकरा मारून माणूस कंटाळला होता. अनसिंगच्या रस्त्याला जिनिंगच्या मागं त्यांचं गवताचं रान होतं. तेच सपाट करून घेतलं, कडेला टिनाचं शेड ठोकलं, आणि विमान हाकायला लखीरामला बोलावलं. लखीरामला पगार मिळत होता. पण खरं सांगायचं तर त्यांनी नुसती भाकरी दिली असती तरी तो राहिला असता. वर गेला की त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते त्याच्या लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं.

त्या म्हाताऱ्या शिक्षकानं त्याला एक गोष्ट मारून मुटकून शिकवली होती. डोक्यावर काळं फडकं टाकायचं, बाहेरचं काही दिसू द्यायचं नाही, आणि समोरच्या तबकड्यांवर विमान चालवायला लावायचं. फडक्याखाली लखीरामचं अंग सांगायचं, आपण सरळ चाललोय. बाहेर विमान कुशीवर कललेलं असायचं. "ढगात शिरलास की अंग खोटं बोलतं," म्हातारा ओरडायचा, "कान खोटे, बूड खोटं. काटे तेवढे खरे!" लखीराम घामाघूम व्हायचा. पण शेवटी त्यानं स्वतःच्या अंगावर अविश्वास ठेवायची सवय लावून घेतली. ही सवय साधी नाही. आपल्याला तहान लागली की नाही हे दुसऱ्याला विचारून ठरवण्यासारखं ते आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला जिनिंगमध्ये नेहमीसारखी यंत्रांची पूजा झाली. मालकाच्या मोटारीला हार, सरकी काढायच्या रेच्यांना हळदकुंकू, वजनकाट्याला नारळ. हिरीबाई खास तांड्याहून आली होती. पोराच्या हत्याराची पूजा तिनं करायची नाही तर कुणी? तिनं विमानाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याचं तोंड कोनतं रे?"

"याले तोंड नसते याडी," लखीराम थट्टेत म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "याले नाक असते. हे पाह्य, पंखाखालची नळी. याच्यातून हे वारं हुंगते. मंग आतल्या काट्यावर दिसते, आपण किती जोरात चाललो."

झालं. म्हातारीनं हळदकुंकू बाजूला ठेवलं, वाटीतला तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्यावर घेतला आणि त्या नळीच्या टोकाला चांगला थापून लावला. लखीरामला दिसलं. त्याचा हात पुसायला पुढं झाला. पण वाहिलेला शेंदूर पुसायचा नसतो, तो आपोआप झडू द्यायचा, हे त्याला बोलायला येण्याआधीपासून माहीत होतं. आणि आई समोर हात जोडून उभी होती. ती जेवायला गेल्यावर त्यानं हळूच आगपेटीची काडी घेतली, नळीच्या भोकातून आतबाहेर फिरवली, आणि 'पुरे एवढं' म्हणून मनाची समजूत घातली.

दसऱ्यालाही हिरीबाई पोराजवळच राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हिरीबाईच्या पोटात कळ उठली. दिवस वर येईतो ती गुडघे छातीशी घेऊन लोळत होती. वाशीमच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लखीरामला बाहेर नेलं. आतड्याला पीळ पडला होता. आज फाडून सोडवला तर बाई जगेल, आणि ते काम नागपूरलाच होणार. परतीच्या पावसानं नदीला पूर होता, पुलावरून पाणी चाललं होतं, मोटारी बंद होत्या. दौलतरावांनी आभाळाकडे पाहिलं, मग लखीरामकडे.

"जाशील?" त्यांनी विचारलं.

"जातो मालक."

मालकाचा ड्रायव्हर रहीम म्हातारीला उचलून आणता आणता विमानातच चढला. तो आजवर कधी उडाला नव्हता. मागच्या बाकावर हिरीबाईला आडवी केली, घोंगडीनं बांधली, आणि रहीम लखीरामच्या शेजारी बसला. एक हात त्यानं मागं म्हातारीच्या खांद्यावर ठेवला. विमान गवतावरून पळालं तेव्हा वेगाचा काटा जरा उशिरानं उठला. लखीरामच्या ते ध्यानात आलं. पण मागून आई विव्हळत होती. शिवाय विमान उचललं गेलं होतं.

कारंजाच्या पुढं ढगांनी वाट अडवली. खालून जावं तर डोंगर, वरून जावं तर या जुन्या इंजिनात तेवढा दम नाही. लखीराम ढगात शिरला. काचेबाहेर सगळं पांढरं झालं. पाऊस टिनावर रेती ओतल्यासारखा वाजू लागला. त्यानं डोळे तबकड्यांवर लावले आणि अंगाचं ऐकणं बंद केलं. आडव्या रेघेची तबकडी सांगते पंख सरळ आहेत, म्हणजे आहेत. उंचीचा काटा सांगतो तेवढी उंची. वेगाचा काटा सांगतो तेवढा वेग. रहीम तोंडातल्या तोंडात कलमा म्हणत होता.

बऱ्याच वेळानं रेडिओवर नागपूरचा आवाज सापडला. त्यांनी दिशा दिली, खाली ढग बरेच उतरलेत म्हणून सांगितलं, आणि हळूहळू उतरायला सांगितलं. लखीरामनं इंजिन थोडं कमी केलं आणि विमानाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जरासं खाली घेतलं.

वेगाचा काटा पडू लागला.

विमानाचा वेग कमी झाला की ते दगडासारखं पडतं, हे उडणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. उपाय एकच, नाक आणखी खाली दाबायचं. लखीरामनं दाबलं. काटा आणखी पडला. त्यानं आणखी दाबलं. काटा तळाशी चालला. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. हे विमान आता कुठल्याही क्षणी हातातून सुटणार. मागं हिरीबाईचं विव्हळणं थांबलं होतं, आणि त्याला विव्हळण्यापेक्षा त्या शांततेची जास्त भीती वाटली.

"लखीभाऊ, कान फुटून राह्यले माहे!" रहीम ओरडला.

आणि तेव्हा लखीरामला वारं ऐकू आलं. ते किंचाळत होतं. खरं तर मघापासूनच किंचाळत होतं, पण कान खोटे म्हणून त्यानं ते ऐकलंच नव्हतं. वेग नाही, मग वारं एवढं कायले ओरडते? त्यानं बाकीच्या तबकड्यांवर नजर टाकली. रेघेची तबकडी सांगत होती, नाक पार खाली आहे. उंचीचा काटा गरगर उतरत होता. इंजिन न मागता पळत होतं. तीन साक्षीदार एका बाजूला आणि वेगाचा काटा एकटाच उलटा. लखीरामचा हात मात्र अजून त्या एकट्याचंच ऐकत होता, कारण विमान पडण्याची भीती तोच दाखवत होता.

त्यानं दात आवळले आणि दांडा मागं ओढला. अंग बाकात दाबलं गेलं, पंख कुरकुरले. विमान वर चढू लागलं, आणि वेगाचा काटा लगेच वाढू लागला. चढाला लागलेला बैल कधी पळतो का? इथं काटा म्हणत होता, पळतो. तेव्हा लखीरामला नळी आठवली. काडीनं पाडलेलं इवलंसं भोक, त्यात शिरलेलं पाणी, भिजून फुगलेला शेंदूर. त्याला आईचा राग आला नाही. स्वतःचा आला, असा की ओरडावंसं वाटलं.

"काय झालं रे?" मागून बारीक आवाज आला. म्हातारी शुद्धीवर होती.

"काही नाही याडी. उतरून राह्यलो."

मग तो रहीमकडे वाकला. "हा काटा खोटं बोलते. याच्यावर हात ठेव. मी म्हनलं तरी काढू नको."

"अन् तुमाले कसं कळन?"

"तू ठेव त खरं!"

रहीमनं तबकडीवर पंजा दाबून धरला. इतका जोरात, की बोटं पांढरी पडली. लखीराम पुन्हा खाली निघाला. आता त्याच्याजवळ वेग नव्हता. होती ती आडवी रेघ, उंची, इंजिनाचा सूर आणि वाऱ्याची शीळ. शीळ वाढली की नाक किंचित वर, बारीक झाली की किंचित खाली. कानांचं ऐकायचं, पण इंजिन आणि उंची हो म्हणतील तेवढंच. दोनदा त्याची नजर सवयीनं रहीमच्या हाताकडे गेली. एकदा तर तो खरंच ओरडला, "जरा काढ, पाहू दे!" रहीमनं काढला नाही. डोळे मिटून तो नुसता मान हलवत राहिला.

ढग फाटले तेव्हा झाडं भलतीच जवळ होती. ओली वावरं, एक विहीर, आणि उजव्या हाताला धावपट्टी. पडण्यापेक्षा जास्त वेग बरा म्हणून लखीरामनं वेग मुद्दाम राखला होता. विमान जमिनीला लागलं, उसळलं, पुन्हा लागलं, पट्टी संपली तरी थांबेना. शेवटी एक चाक नालीत गेलं, चाकाचा पाय मोडला आणि विमान पंखावर बसलं. पाऊस तेवढा पडत राहिला.

"रहीम," लखीराम म्हणाला, "काढ आता हात."

हिरीबाईचं पोट त्याच दुपारी फाडलं. ती जगली.

विमान मोडलं म्हणजे चौकशी आलीच. मिस्त्रींनी नळी उघडली आणि लाल गोळा कागदावर काढून ठेवला. चौकशीचा साहेब चांगला माणूस होता, त्यानं शांतपणे विचारलं, "हे कुणी भरलं?" साक्षीला बसलेल्या रहीमनं खंडेनवमीला म्हातारीला शेंदूर थापताना पाहिलं होतं, त्याला त्या क्षणी सगळा उलगडा झाला. तो बोलायला उठलाच होता. लखीरामनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला.

"मी," लखीराम म्हणाला. "आमच्यात हत्याराची पूजा करतात."

"आणि उडण्याआधी नळी साफ करायची असते, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

तो एक 'मी' सोडला तर तो खोटं बोलला नाही, आणि हे दुसरं उत्तर तर खरंच होतं. साहेबाला दुसरा इलाज नव्हता. लखीरामचा परवाना गेला. दौलतरावांनी जिनिंगच्या इंजिनावर काम देऊ केलं, पण त्या शेडजवळून रोज जाणं त्याच्यानं होईना. तो तांड्यात परतला आणि खेमाच्या वावरात औत धरलं. त्याला फार दुःख झालं. बायकोसमोरही तो कधी रडला नाही, पण वरून विमानाचा आवाज आला की बैल थांबवायचा आणि आवाज पार विरेपर्यंत जमिनीकडे बघत उभा राहायचा.

हिरीबाईनं मात्र साऱ्या तांड्याला सांगितलं होतं, शेंदूर लावला होता म्हूनच आमी तिघं वाचलो. लोक मान डोलवायचे. रहीम कधी भेटायला आला आणि ही गोष्ट निघाली की पाण्याचा लोटा तोंडाला लावायचा.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, म्हातारी चुलीपुढं बसली होती. लखीराम जेवत होता. भाकरी परतता परतता ती म्हणाली, "एक सांगू का रे? त्या दिशी मी विमानात जगदंबेले बोलली होती. म्हनलं, बाई, माह्या पोराले एकदा खाली उतरव. पुन्हा त्याले कधी वर नको जाऊ देऊ. ऐकलं पाह्य तिनं."

लखीरामचा घास हातातच राहिला.

"तुले वाईट त नाही वाटलं ना?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी धास्ती होती.

"नाही याडी," लखीराम म्हणाला. "मलेबी मंग वर जायाचं भेवच वाटत होतं."

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिनं तव्यावरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली, आणि त्यानं ती खाल्ली.