चौदा माणसांचा प्रायोजक

प्रायोजक: याव आडोमाको. वय: एकसष्ट. नागरिकत्व: अमेरिकन. सध्याचे वास्तव्य: परदेशात. परदेश म्हणजे कुमासी शहर, बांतामा भाग, आणि त्यातही प्रायोजकाचा जन्म झाला तेच घर. व्यवसाय: निवृत्त बसचालक, कोलंबस, ओहायो. उत्पन्न: पेन्शन, डॉलरमध्ये. दृष्टी: रकाना नाही. लाभार्थी: पत्नी अबेना सेरवा, शिवणकाम करते, परदेशी नागरिक; माहेर मागच्या गल्लीत. घरातील एकूण व्यक्ती, प्रायोजकासह: चौदा.

सेरवाच्या अमेरिकेच्या व्हिसासाठीचा हा मजकूर मी टाइप केला. मोठ्या इस्पितळासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. तिथे लोक मृत्यूच्या दाखल्यापासून व्हिसाच्या अर्जापर्यंत सगळं घेऊन येतात, त्यामुळे माणूस नेमका कुठे निघाला आहे हे आधी विचारून घ्यावं लागतं.

त्या शेवटच्या रकान्यापाशी मी थांबलो होतो.

‘‘मामा, घरात किती लिहू?’’ आख्खं बांतामा त्यांना मामाच म्हणतं.

‘‘लिही. मी, सेरवा, म्हातारी मावशी. बहीण पोमाची सहा मुलं, धाकट्या बहिणीची पाच.’’

‘‘आणि तुमची ओहायोतली दोन मुलं?’’

मामा माझ्याकडे चांगल्या डोळ्याने बघत राहिले. ‘‘ती त्यांच्या आईच्या घरातली. त्यांना त्यांचा मामा आहे की.’’

बरोबरच होतं. आम्हा आशांती लोकांत मुलं आईच्या रक्ताची. बाप त्यांना नाव देतो, पण फी, लग्नं आणि भांडणं निस्तरतो तो मामा. मी चौदा लिहिले आणि जरा कौतुकानेच लिहिले. इतकी माणसं पोसणारा प्रायोजक पाहून कुठल्याही सरकारला भरवसा वाटेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं.

घाई डोळ्यांची होती. उजव्याने गेल्या वर्षीच काम सोडलं होतं, डाव्यात काचबिंदू चढत होता. डिसेंबरच्या आत शस्त्रक्रिया झाली तर उरलंय ते टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कोलंबसला बसकंपनीच्या निवृत्तांना विमा मिळतो. तिथली तारीखही मिळाली होती, बारा नोव्हेंबर. पण सेरवाशिवाय मामा आता दारातल्या गटारावरची फळीसुद्धा ओलांडत नसत. ती बरोबर असेल तर जायचं, नाहीतर नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी राजधानीत, आक्राला, मुलाखत होती. मीही गेलो. वकिलातीत फोन नेऊ देत नाहीत, तेव्हा फोन सांभाळायला ओळखीचा माणूस हवा होता. समोरच्या नारळवाल्याच्या बाकावर मी तीन फोन घेऊन बसलो. आत जे झालं ते सेरवाने नंतर सांगितलं, आणि ती काही कमी करून सांगणाऱ्यांतली नाही.

खिडकीत आपलीच एक मुलगी होती, अफ्रियी नावाची. कागद चाळता चाळता ती थांबली.

‘‘मामा, हे चौदा कोण?’’

मामांनी नावं सांगायला सुरुवात केली. पाचव्या नावाला तिने हात वर केला.

‘‘तुमची पेन्शन दोघांपुरती ठीक आहे. प्रत्येक माणसामागे लागणारं उत्पन्न वाढतं. चौदांसाठी तुम्हाला सहप्रायोजक लागेल.’’

‘‘भाचरांना मी पोसतो. सहप्रायोजक कशाला?’’

‘‘तिकडच्या करपत्रकात आहेत का ती?’’

‘‘नाहीत. तिथला हिशेबनीस म्हणाला, तिकडे राहत नाहीत त्यांना दाखवता येत नाही.’’

‘‘मग इथेही मोजायची नाहीत. चुकून लिहिलं असेल. नवा कागद देते. ‘ह्या व्यक्ती माझ्यावर अवलंबून नाहीत’, एवढ्याखाली सही करा.’’

मागे रांगेतले लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले.

‘‘बाई, तू आशांतीच ना?’’ मामा म्हणाले.

‘‘हो, मांपोंगची.’’

‘‘मग तुझ्या मामाने असं लिहून दिलं असतं तर?’’

त्या मुलीने नवा कागद पुढे सरकवला. मग म्हणाली, ‘‘बारापर्यंत सही झाली तर आज साहेबांपुढे ठेवते. नाही झाली तर पुढची तारीख फेब्रुवारीतली आहे.’’

सेरवा इतका वेळ बोलली नव्हती. हा तिच्या आयुष्यातला असा एकमेव प्रसंग असावा.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘सहा वर्षं मी ओरडतेय, ही मुलं माझं घर खातात. तेव्हा म्हणालात, बायको येते-जाते, भाचरं राहतात. आता सरकार माझ्या बाजूने बोलतंय तर तुमची वाचा बसली?’’

रांगेत कोणीतरी हसलं.

‘‘करा सही.’’

‘‘पोमाला विचारल्याशिवाय नाही.’’

‘‘पोमा कुमासीत आहे!’’

‘‘मुलं तिची आहेत.’’

अकरा वाजून वीस मिनिटांनी सेरवा मामांना दंडाला धरून रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. चौकीदाराने चिठ्ठीवर शिक्का मारला होता: बारापर्यंत परत.

पोमा मामांची थोरली बहीण, घरात तिचाच शब्द अखेरचा. केजेतिया बाजारात सुके मासे विकते. गुरुवारी तिला गिऱ्हाईक असतं तेव्हा फोन तिच्या कमरेला, नेसलेल्या कापडाच्या घडीत वाजत राहतो. मी लावला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. मामा उभेच होते. नारळवाल्याने त्यांना बाकडं पुढे केलं, ते त्यांना दिसलं नाही. सेरवाने बसवलं.

‘‘शेजारच्या गाळेवालीचा नंबर आहे का?’’ मी विचारलं.

‘‘त्या दोघी बोलत नाहीत,’’ सेरवा म्हणाली.

अकरा पस्तीस. अकरा बेचाळीस. सहाव्या वेळी पोमाने उचलला, आणि पहिलं वाक्य माशांच्या भावाचं होतं, ते दुसऱ्या कोणाला तरी होतं. मी फोन मामांच्या कानाला लावला. पोमाचं बोलणं ऐकायला कानाची गरज नसते. नारळवालाही ऐकत होता.

मामांनी सगळं सांगितलं.

‘‘याव, आंधळा मामा घेऊन मी काय करू? मासे निवडायला बसवू?’’

‘‘अगं, लिहून द्यायचंय. ती माझी नाहीत म्हणून.’’

‘‘मग दे लिहून. सगळ्यांना काढ, मलाही काढ. मावशीला मात्र कळू देऊ नकोस, ती मरेल आणि तिच्या मयताचा खर्च तुझ्यावरच येईल. आणि येताना श्नॅप्सची बाटली आण. चांगली आण, स्वस्तातली नको. शनिवारी वडीलधाऱ्यांसमोर ती दारू पितरांसाठी जमिनीवर ओतायची आणि बोललास ते मागे घ्यायचं.’’

‘‘मागे घेतलं तर तो कागद खोटा पडेल.’’

‘‘कागद त्यांच्याकडे राहील. बाटली आपल्याकडे. सेरवाला दे फोन.’’

सेरवाने घेतला. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सेरवाने ‘‘हो ताई’’ तीन वेळा म्हटलं, जे तिने सहा वर्षांत एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाराला सात मिनिटं कमी असताना ती दोघं पुन्हा आत गेली. खिडकीत अफ्रियीने रेघेवर बोट ठेवून दाखवलं. मामांना रेघ दिसेना, तेव्हा सेरवाने त्यांचं मनगट धरून पेन जागेवर टेकवलं. सही थोडी वर गेली, पण चालली. साहेबांनी चार प्रश्न विचारले, त्यांतला एक लग्नाच्या दिवशी पाऊस होता का असा होता. दोघांनी दोन उत्तरं दिली. साहेब हसले आणि त्यांनी सेरवाचा पासपोर्ट ठेवून घेतला. आक्रात पासपोर्ट परत मिळाला की माणूस रडतो, आणि ठेवून घेतला की व्हिसा झाला म्हणून नाचतो. सेरवा फाटकाबाहेर आल्यावर नाचली. मामांनी मला विचारलं, चांगली श्नॅप्स कुठे मिळते.

आता वकिलातीच्या दप्तरात प्रायोजक याव आडोमाको यांच्या नावापुढे नोंद आहे: घरातील एकूण व्यक्ती, दोन.

शनिवारी बाटली ओतून झाली, आणि सेरवाने कंद कुटून चौदा जणांचं फुफू केलं. मी गेलो होतो, म्हणून पंधरा.