उजनीकाठचं बुकिंग मी रद्द केलं

देवाधर्माचं मी घरच्यांच्या समाधानापुरतं करते. बाहेरचं, लागिर वगैरे विषय निघाला की सरळ उठून आत जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

सोलापुरात सात रस्त्याजवळ ठिबकचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीत मी अ‍ॅडमिन बघायचे. नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. मिस्टर मणक्याच्या ऑपरेशननंतर घरीच, त्यामुळे सगळं घर माझ्यावर. कंपनीचा टीम इव्हेंट रविवारी होता, स्टाफ आणि त्यांच्या घरची माणसं. मोहोळजवळचं ठरलेलं मंगल कार्यालय बुधवारी हातचं गेलं, मालकाच्या घरी मयत झालं म्हणून. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, हे तरी नीट करा."

गुरुवारी भर दुपारी ड्रायव्हर सिद्धारामला घेऊन मी उजनीच्या काठावरची एक जागा बघायला गेले. केळीच्या बागेमागे हिरवळ, पत्र्याची मोठी शेड, खाली पाणी आणि काठाला बांधलेली होडी. जागा सांभाळणाऱ्या काकूंनी सगळं फिरून दाखवलं. सकाळपासून लाईट गेलेली, म्हणून घरातल्या माठातलं पाणी दिलं. माझा जीव भांड्यात पडला. फोटो काढायला मी पार पाण्यापर्यंत गेले आणि मागून, शेडकडून, माईकवर बोलावं तसा बाईचा आवाज आला –

"वैशाली मॅडम, पोरं मोजून घ्या. रेवा कुटं हाय?"

मी वळले. शेड रिकामी. काकू लांब मोरीपाशी भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, हितं माईक न्हाय, स्पीकर न्हाय, काय वाजणार?

गाडीत बसले तर सिद्धारामच विचारतो, "मॅडम, कुणाचं पोरगं हरवलंय काय? माईकवर तुमचं नाव घेत हुते की."

शेजारच्या गावात लग्न असेल, तिथली कुणी दुसरी वैशाली असेल... अशी मी मनाची समजूत घातली. दुसरं करणार काय होते? रविवारसाठी एकही जागा शिल्लक नव्हती. साहेबांना फोटो पाठवले, ते कन्फर्म करा म्हणाले, मी केलं.

शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्यांची यादी पूर्ण करत होते. आमच्या स्टोअरमधल्या जाधवांनी एक नाव वाढवायला सांगितलं. त्यांची भाची सुट्टीला आली होती, त्याच सकाळी लातूरहून. वय सहा. नाव रेवा.

जाधवांना भाची आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन काकूंना फोन केला आणि बुकिंग रद्द केलं. कुणालाच विचारलं नाही.

शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कारण विचारलं. खोटं सुचेना, म्हणून खरं ते सांगितलं. सिद्धारामनेही ऐकलंय म्हटल्यावर त्यांनी त्याला आत बोलावलं. तो फरशीकडे बघत म्हणाला, "न्हाय साहेब. मी गाडीत झोपलो हुतो." साहेबांनी समोरची फाईल उघडली आणि आम्हा दोघांनाही जायला सांगितलं.

इव्हेंट ऑफिसच्या गच्चीवर झाला, कापडी मांडव घालून. ऊन भाजून काढत होतं, माणसं वैतागली होती. रेवा निळा फ्रॉक घालून आली होती. मी दिवसभर पोरं मोजत राहिले. संध्याकाळी ती मामाच्या खांद्यावर झोपून घरी गेली. महिन्याअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते परत झालंच नाही.

त्या जागेवर अजूनही लोक जातात, होडीत बसतात, सुखरूप परत येतात. मी चौकशी केली – तिथे आधी किंवा नंतर काहीही वाईट घडलेलं नाही. मग मी कुणाला वाचवलं, की घाबरून हातची नोकरी घालवली? घरी मिस्टर विचारत नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत तो प्रश्न दिसतो.

मागे एकदा सिद्धाराम रस्त्यात भेटला. गाडी कडेला घेऊन खाली उतरला. मग म्हणाला, "ऐकलं हुतं मॅडम. पर माझ्याबी घरात खाणारी तोंडं हायत."

मला त्याचा राग आला नाही. तो आवाज कुणाचा होता, हे त्याला माहीत नाही आणि मलाही नाही.