उपासाला न चालणाऱ्या गोळ्या

आमच्या एपिरसच्या डोंगरात ईस्टरला पॉलिक्सेनीमावशीच्याच शेळ्यांचं चीज लागतं. त्या हिवाळ्यात मात्र गोठ्यापर्यंत जातानाही तिला धाप लागायला लागली. पाय सुजले. हृदय फार दुबळं झालंय, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिच्या मुलीनं, थेक्लानं, शेळ्यांना गिऱ्हाईक शोधलं.

"मी जायच्या आधी शेळ्यांना घालवतेस होय?"

"गोठ्यात पडलीस तर शेळ्या फोन करणार आहेत का मला?"

मावशी धापा टाकत गोठ्याकडे निघाली. मरणापेक्षा रिकाम्या गोठ्याची तिला जास्त धास्ती होती.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात मीच तिला घेऊन गेलो. रक्तदाब मोजायला दंडावरचा पट्टा फुगवला, तसा तिचा पंजा आखडला आणि बोटं चोचीसारखी जुळली.

"असं नेहमी होतं का, आजी?" तरुण डॉक्टरीणबाईंनी, अर्गिरोंनी, विचारलं.

"धारा काढणारे हात आहेत, पोरी. आखडायचेच."

अर्गिरोंनी तिचा गळ्याशी बांधलेला काळा रुमाल सोडला. गळ्यावर थायरॉइडच्या जुन्या ऑपरेशनचा वण होता.

"या ऑपरेशननंतर अंगातलं कॅल्शियम घटू शकतं. तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतील ना?"

"दिल्या होत्या. पण नवरा गेल्यावर मी चर्चचे सगळे उपास धरले. वर्षातले निम्मे दिवस दूध नाही, अंडं नाही. त्या गोळ्यांना दुधाची चव. उपासाला कशा चालतील? मग सोडूनच दिल्या."

"हृदयालाही आवळायला कॅल्शियम लागतं, आजी. तुमचं हृदय उपाशी आहे. खाऊ घातलं तर सुधारेल."

रक्त तपासून खात्री केली, शिरेतून कॅल्शियम दिलं, पुन्हा गोळ्या सुरू केल्या. पण ईस्टरआधीचा मोठा उपास तोंडावर आला होता. मावशी गोळ्यांची डबी घेऊन पाद्रीबाबांकडे गेली.

"औषधाला उपास नसतो," ते म्हणाले. "मधुमेहाची गोळी मीही घेतो. आधी विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. मग तो उपास कसला?"

ईस्टर जवळ आला तेव्हा पुन्हा तपासणी झाली. पडद्यावर हृदय जवळजवळ इतरांसारखंच आकुंचन पावत होतं. अर्गिरोंनी मावशीला ते दोनदा दाखवलं. मावशीनं पडद्याकडे बघून क्रूसाची खूण केली आणि अर्गिरोंचा हात बराच वेळ सोडला नाही.

शेळ्यांचं गिऱ्हाईक आलं, ते शेळ्यांऐवजी चीज घेऊन परत गेलं.

रविवारी चर्चमध्ये मावशीनं जिवंत माणसांसाठीच्या प्रार्थनेची नावं दिली. पहिलं नाव अर्गिरो.

"माझ्या आधी डॉक्टरीणबाई?" थेक्ला पुटपुटली.

"तू शेळ्या विकायला निघाली होतीस," मावशी म्हणाली आणि मेणबत्ती पेटवायला गेली.