कडेनं चालणारा

आमच्या रेंजमधला तो वनरक्षक रस्त्याच्या मधून कधीच चालायचा नाही. वाघाचा ठसा तुडवला जाऊ नये म्हणून जंगलात लागलेली ही सवय त्यानं चंद्रपूरच्या बाजारातही सोडली नव्हती. त्याच्यासोबत चालताना माझा पाय दोनदा नालीत गेलाय.

ऐंशीच्या दशकात वाघांची गणती ठशांवरून व्हायची. मी फॉर्म भरायला होतो. नाल्याच्या रेतीत त्यानं ठशावर काच ठेवली, आकार उतरवला आणि खाली बघतच म्हणाला, "पाहा जी, हे कालचीच वाघीन होय. मागच्या पायाचं बोट वाकडं हाय."

गणतीला सोबत आलेले आमचे रेंजर साहेब मला म्हणाले, "दुसरी म्हणून लिहा." त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाघ जास्त दिसले तर इथली झाडतोड थांबेल, असं त्यांना वाटत होतं.

त्यानं माझ्या हातातला पेन घेऊन टोपण लावलं.

"पाहा जी साहेब, नसलेली लिवली, तं उद्या हे मेल्यावर बी कागदावर एक जित्तीच राहीन. मंग हिले पाहाले कोन येईन?"

मी एकच लिहिली. परतताना साहेब तावातावानं रस्त्याच्या मधून निघाले. त्यानं त्यांना दंडाला धरून कडेला घेतलं.